बाळाची झोप आणि घराची रात्र

प्रस्तावना

चौदाव्या आठवड्याच्या लशीसाठी बाळाला घेऊन आलेले आईबाप लस टोचून झाली तरी खुर्चीवरून उठत नाहीत. वजन कार्डावर चढलेलं असतं, ताप आला तर काय द्यायचं तेही विचारून झालेलं असतं. मग आई हळूच विषय काढते, ‘‘डॉक्टर, हा रात्री झोपतच नाही हो.’’ पुण्यात तान्ह्या मुलांना तपासण्यात माझी हयात गेली आणि हे वाक्य कानावर पडलं नाही असा आठवडा मला आठवत नाही. हे पुस्तक त्या वाक्यासाठी लिहिलं गेलं आहे, म्हणून प्रस्तावना लिहायला मी आनंदाने तयार झालो.

हा प्रश्न नेमका याच सुमाराला का येतो? पहिलं बाळंतपण आपल्याकडे अजूनही पुष्कळदा माहेरी होतं. सोलापूर, लातूर, जळगाव, सांगली, जिथे कुठे माहेर असेल तिथे आई असते, काकू-मावशी असतात, न्हाऊ-माखू घालणारी बाई सकाळी येते. रात्री बाळ रडलं की बाळंतिणीच्या आधी आजी उठते, दुपटं बदलते, खांद्यावर टाकून दोन फेऱ्या मारते आणि भूक असेल तरच लेकीला हाक देते. हे सव्वा महिना चालतं, कुठे तीन महिने. मग बाळ-बाळंतीण वाकडच्या, खराडीच्या नाहीतर सिंहगड रोडच्या फ्लॅटमध्ये येतात. नवरा सकाळी हिंजवडी गाठतो आणि रात्री जेवण झालं की त्याचे अमेरिकेचे कॉल सुरू होतात. त्याच महिन्यात बाळाच्या मेंदूतही झोपेची नवी घडण सुरू झालेली असते. तिसऱ्या-चौथ्या महिन्याच्या सुमारास त्याची झोप मोठ्यांसारखी टप्प्याटप्प्यांची होऊ लागते आणि एक आवर्तन संपून दुसरं सुरू होताना ते पुरतं जागं व्हायला लागतं. एकाच वेळी दोन बदल होतात, खापर मात्र सगळं बाळावर फुटतं. इतक्या वर्षांनंतर माझं ठाम मत झालं आहे की अशा बहुतेक घरांत बाळाच्या झोपेचं काही बिघडलेलं नसतं. त्याच्यासाठी उठणारी माणसं कमी झालेली असतात.

हे पटायला बाळ कसं झोपतं हे आधी कळायला हवं. मागे एका जोडप्याने मला मोबाइलवर रात्रीचं चित्रण दाखवलं होतं. बाळ दोन महिन्यांचं. मंद दिव्यात ते कण्हतं, तोंड वेडंवाकडं करतं, मूठ उगारतं, मिटलेल्या पापण्यांखाली बुबुळं इकडून तिकडे पळतात. मग एक बारीक ‘ऊं’ आणि लगेच आईचे हात चौकटीत येतात, बाळ उचललं जातं आणि आता ते खरोखरच जागं होऊन रडू लागतं. मी ते दोनदा पाहिलं. उचलेपर्यंत बाळ झोपलेलंच होतं. नवजात बाळाची जवळपास अर्धी झोप अशी हलती, चळवळी असते. आपल्या आज्यांनी ती नीट पाहिली होती. बाळ झोपेत हसलं की सटवाई हसवते आणि ओठ काढून मुसमुसलं की सटवाई रडवते, असं म्हणून त्या हातातलं काम चालू ठेवत. त्यांचं शास्त्र काहीही असो, त्या बाळाला उचलत नसत. शिकागो विद्यापीठात यूजीन ॲसेरिन्स्की या तरुण संशोधकाने झोपलेल्या तान्ह्या मुलांच्या डोळ्यांची हीच हालचाल तासन्‌तास बघितली. त्यातून पुढे मोठ्या माणसांच्या झोपेतही असा टप्पा असतो हे १९५३ साली त्याने आणि त्याचे मार्गदर्शक नॅथानियल क्लाइटमन यांनी जगापुढे मांडलं. म्हणून या पुस्तकातली पहिली सूचना मला सगळ्यांत मोलाची वाटते: आवाज आला की मनातल्या मनात मिनिटभर थांबा आणि बाळाचे डोळे बघा. मिटलेले असतील तर हात मागे घ्या.

तान्ह्या बाळाचं झोपेचं एक आवर्तन पन्नास-साठ मिनिटांचं असतं. जन्माच्या वेळी दिवस आणि रात्र हा फरक त्याच्या शरीराला ठाऊक नसतो, तो दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यापासून हळूहळू बसत जातो. आईच्या रात्रीच्या दुधात झोपेचं संप्रेरक असतं, दिवसाच्या दुधात ते जवळजवळ नसतं, म्हणजे घड्याळ लावण्याचं थोडं काम दूधच करतं. बाकीचं काम उजेडाने करायचं. सकाळी पडदे उघडा, गॅलरीत कोवळ्या उन्हाच्या वेळी बाळाला घेऊन बसा, दुपारी ते झोपलं म्हणून घर चिडीचूप करू नका. रात्री मात्र दूध पाजताना, लंगोट बदलताना मोठा दिवा लावायचा नाही आणि गप्पाही मारायच्या नाहीत. किती झोप पुरेशी, यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दिलेले आकडे हाताशी ठेवावेत. पहिल्या तीन महिन्यांत १४ ते १७ तास, चार ते अकरा महिन्यांत १२ ते १६ तास, त्यात दिवसाच्या डुलक्याही आल्या. एखादं बाळ बारावर थांबतं आणि शेजारचं सोळा तास झोपतं, दोन्ही धडधाकट असतात.

‘रात्रभर झोपतो का?’ हा प्रश्न बारशाला आलेला प्रत्येक पाहुणा विचारतो. तो विचारणं आपण सगळ्यांनी बंद करायला हवं. कॅनडात ३८८ बाळांचा अभ्यास झाला, तो २०१८ साली प्रसिद्ध झाला. सहाव्या महिन्यात त्यांतली जवळपास ३८ टक्के बाळं सलग सहा तासही झोपत नव्हती. वर्षाची झाली तरी २८ टक्क्यांची तीच तऱ्हा होती. न झोपणाऱ्या आणि झोपणाऱ्या बाळांच्या वाढीत, बुद्धीत काही फरक आढळला नाही. त्याआधी २०१० मध्ये १७ देशा-प्रदेशांतल्या २९,२८७ लहानग्यांची तुलना झाली होती. न्यूझीलंडची मुलं संध्याकाळी साडेसातला झोपत, हाँगकाँगची रात्री सव्वादहाला. भारतातली मुलंही उशिरा झोपणाऱ्यांतच होती आणि आपल्याकडे बहुतेक मुलं आईबापांच्या अंथरुणात होती. म्हणजे इंग्रजी पुस्तकातलं ‘सात वाजता बाळ त्याच्या खोलीत’ हे वेळापत्रक पुण्यातल्या दोन खोल्यांच्या घरात बसलं नाही, तर त्यात आईचं काही चुकलेलं नसतं. आपल्याकडे सातला बाबा घरी पोहोचलेला नसतो आणि बाळाला स्वतःची खोली नसते.

संध्याकाळच्या रडण्याबद्दल थोडं. दुसऱ्या आठवड्यापासून बाळाचं रडणं वाढत जातं, सहाव्या आठवड्याच्या आसपास कळस गाठतं आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यात उतरतं. अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ टी. बेरी ब्रेझल्टन यांनी १९६२ सालीच हे टिपून ठेवलं होतं. वेळ बहुधा तिन्हीसांजेची. आपल्याकडे तेव्हा दृष्ट काढतात. मीठ-मोहरी ओवाळल्याने बाळाचं काही बिघडत नाही आणि एखाद्या घाबरलेल्या घराला तेवढाच धीर येतो. फक्त विस्तवावर मिरच्या टाकून त्याचा ठसका बाळाच्या नाकात जाऊ देऊ नका, तीच गोष्ट धुरीची आणि डासांच्या कॉइलची. मच्छरदाणी लावा. आणि रडण्याने डोकं फिरायची वेळ आली, तर बाळाला सपाट जागी उताणं ठेवून पाच मिनिटं गॅलरीत जाऊन उभं राहा. बाळाला गदागदा हलवायचं कधीही नाही. त्या एका हिसक्याने मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो, अशी बाळं मी पाहिली आहेत.

आता गुटीकडे येतो, कारण पुण्यातल्या घरांत झोपेचा प्रश्न आला की सहाण बाहेर निघते. मुरडशेंग, हिरडा, बेहडा, वेखंड, हळकुंड, सुंठ, खारीक, बदाम आणि झोपेसाठी जायफळ. उगाळणाऱ्या हातामागे माया असते, ती मी नाकारणार नाही. पण मी आज्यांना एकदा एकाच सहाणेवर आळीपाळीने ‘दोन वळसे’ उगाळायला सांगतो. एकीच्या दोन वळशांनी पाणी जेमतेम पिवळं होतं, दुसरीच्या दोन वळशांनी चिकट लगदा निघतो. दगड खरखरीत, हात जड, जायफळ ताजं, की मात्रा किती तरी पटींनी बदलली. जायफळ जास्त गेलं तर गुंगी येते, छाती धडधडते. तीन किलोच्या जिवाला ही जोखीम कशासाठी? पहिले सहा महिने आईच्या दुधाशिवाय पाणीसुद्धा नको आणि वर्षाच्या आत मधाचं चाटण मुळीच नको, कारण मधातल्या जंतूंच्या बीजाणूंमुळे तान्ह्या बाळाला पक्षाघातासारखा आजार होऊ शकतो. सहाण-जायफळ नसलेल्या घरांत हल्ली सर्दीचं सिरप ‘झोप लागते म्हणून’ दिलं जातं. ते त्याहून वाईट. क्लोरफेनिरामाइन आणि फेनिलेफ्रिन एकत्र असलेली औषधं चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नयेत, असं देशाच्या औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये बजावलं आहे.

बाळाला औषधाने झोपवण्याचा आपल्या राज्याचा इतिहास जुना आहे आणि या पुस्तकाच्या प्रत्येक वाचकाने तो माहीत करून घ्यावा. मुंबईच्या कापड गिरण्यांत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हजारो बायका राबत होत्या. बाळंत होऊन काही दिवसांत त्या पुन्हा खात्यात उभ्या राहत, कारण रजा म्हणजे पगार बंद. तान्हं मूल चाळीतल्या म्हातारीकडे, मोठ्या बहिणीकडे, कधी गिरणीच्या आवारातच कुठेतरी. ते रडू नये म्हणून त्याला बाळगोळी देत. गोळीत अफू असे. १९२० च्या दशकाच्या आरंभी मुंबई सरकारने डॉ. फ्लोरेन्स बार्न्स यांना गिरणीकामगार बायकांच्या बाळंतपणाची पाहणी करायला नेमलं, तेव्हा त्यांना या बायकांच्या बहुतेक सगळ्या बाळांना अफू मिळत असल्याचं आढळलं. अफूने भूक मरते, बाळ दूध ओढत नाही, शौचाला होत नाही, श्वास मंदावतो. त्या काळी मुंबईत बालमृत्यू भयंकर होते आणि या गोळीचाही त्यात वाटा होता.

त्या बायकांना अडाणी म्हणून मोकळं होणाऱ्यांचा मला राग येतो. दहा तास यंत्रापुढे उभं राहून आलेल्या बाईला रात्रीची झोप मिळाली नाही तर सकाळी तिचा हात पट्ट्यात जाणार होता. तिच्यासमोर दुसरा कुठला मार्ग कुणी ठेवला होता? ज्यांना हे उमगलं त्यांनी उपदेश न करता रजा मागितली. कामगार नेते ना. म. जोशी यांनी १९२४ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात प्रसूती लाभाचं विधेयक आणलं, ते फेटाळलं गेलं. १९२८ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात अशाच विधेयकाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पाठिंबा दिला आणि १९२९ मध्ये मुंबई प्रांताचा प्रसूती लाभ कायदा झाला. देशातला तो या प्रकारचा पहिला कायदा. बाळाच्या झोपेच्या इतिहासात मी या कायद्याला कुठल्याही अंगाईपेक्षा वरचं स्थान देतो.

आज संघटित नोकरीतल्या आईला २०१७ च्या दुरुस्तीमुळे पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे पगारी रजा आहे आणि पन्नास किंवा त्याहून जास्त माणसं काम करतात तिथे पाळणाघर बंधनकारक आहे. केंद्र सरकारच्या नोकरीतल्या बापाला १५ दिवस मिळतात. खासगी नोकरीतल्या बापासाठी देशात कायदाच नाही. आणि ज्या वाकड-बाणेर-वाघोलीत आपण फ्लॅट घेतो, तिथल्याच बांधकामावर विटा वाहणाऱ्या आईचं बाळ साडीच्या झोळीत असतं. दिल्लीत मीरा महादेवन यांनी १९६९ मध्ये बांधकामांवरच्या मुलांसाठी मोबाइल क्रेशेस सुरू केली, पुण्यातही त्या वळणाची पाळणाघरं काही बांधकामांवर चालतात. ती फार थोड्या मुलांपर्यंत पोहोचतात. झोपेवरच्या पुस्तकात हा विषय अस्थानी वाटेल, पण मला तो मध्यभागी वाटतो.

‘स्लीप ट्रेनिंग’बद्दल सरळ बोलतो. रडू द्या, आपोआप झोपेल, हा सल्ला अमेरिकेत १८९४ पासून छापला जातो आहे. रिचर्ड फर्बर यांनी १९८५ मध्ये त्याचं सौम्य रूप मांडलं: खोलीबाहेर जा, ठरावीक वेळाने येऊन धीर द्या, वेळ हळूहळू वाढवा. आता मोबाइलवर हेच पॅकेज म्हणून विकलं जातं, भीती घालून. ऑस्ट्रेलियात ३२६ मुलांचा पाच वर्षं पाठपुरावा करून २०१२ मध्ये निष्कर्ष आला की अशा शिकवणीने मुलांचं नुकसान झालं नाही आणि कायमचा फायदाही झाला नाही. थोड्या काळापुरता आईबापांना आराम मिळतो, एवढंच. तेव्हा सहा महिन्यांपुढचं, वजन नीट वाढणारं बाळ असेल आणि घर थकलेलं असेल तर हळूहळू सवय लावायला माझी हरकत नाही. नको वाटत असेल तर आई कमकुवत ठरत नाही. सहा महिन्यांच्या आत मात्र अजिबात नको, त्या वयात रात्रीची भूक खरी असते. भिंतीला भिंत लागून शेजारी, पलीकडच्या खोलीत सासरे आजारी, अशा घरात बाळाला वीस मिनिटं रडू देता येत नाही हेही ही पद्धत विकणाऱ्यांनी लक्षात घ्यावं.

अंथरुणाची काळजी पुस्तकात सविस्तर आहे, मी दोनच गोष्टी ठासून सांगतो. बाळाला दर वेळी उताणंच झोपवा. अमेरिकेत १९९२ मध्ये बालरोगतज्ज्ञांनी हे सांगायला सुरुवात केली आणि पुढच्या काही वर्षांत झोपेतले अचानक मृत्यू निम्म्याहून खाली आले. दुसरी गोष्ट, डोकं गोल व्हावं म्हणून ठेवलेली मोहरीची उशी, लोड, गोधडीची घडी, सगळं काढून टाका. सर्वांत सुरक्षित म्हणजे आईच्या खोलीत पण स्वतःच्या सपाट, घट्ट गादीवर. शेजारी झोपवणार असाल तर शेजारचा माणूस दारू प्यायलेला, गुंगीचं औषध घेतलेला किंवा सिगारेट-बिडी ओढणारा नसावा, आणि बाळाला घेऊन सोफ्यावर डुलकी तर घेऊच नये. झोळीत हनुवटी छातीला टेकते आणि श्वास अडतो, तेव्हा झोळीत झोपलं की गादीवर काढा.

गणपतीचे दहा दिवस पुण्यातल्या तान्ह्या बाळांना जड जातात. निवासी भागात रात्री आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे, ढोल-ताशाचं पथक दारावरून जाताना ती कुठल्या कुठे राहते. पेठेत राहणाऱ्यांना शक्य असेल तर विसर्जनाच्या रात्री बाळाला घेऊन नातेवाइकांकडे जावं, असं मी दर वर्षी सांगतो.

या पुस्तकातला मला सर्वांत आवडलेला भाग म्हणजे रात्रीच्या पाळ्यांचा. नऊ ते दोन एकाची पाळी, दोन ते सात दुसऱ्याची. ज्याची पाळी नाही तो दुसऱ्या खोलीत, दार लावून, कानात कापूस घालून झोपतो. आईला सलग पाच तास मिळायला हवेत, तुकड्यातुकड्यांचे आठ तास त्यांची बरोबरी करत नाहीत. आई अंगावर पाजत असेल तर बापाने बाळ आणून द्यायचं, पाजून झालं की ढेकर काढून परत न्यायचं, लंगोट त्याने बदलायचा. दूध काढून वाटीत ठेवता येत असेल तर मधली एक पाजणी त्याने वाटी-चमच्याने करावी. ‘मला सकाळी ऑफिस असतं’ असं सांगणाऱ्या बापांना मी विचारतो, तिला सकाळी काय असतं? आजी-आजोबा घरात असतील तर पहाटे पाचनंतर बाळ त्यांचं. तसेही ते उठलेले असतात.

काही बाळांची झोप मात्र आजारामुळे मोडते. झोपेत घोरणं, श्वास थांबणं, ओठ निळे पडणं, दूध नीट न ओढणं, वजन न वाढणं, उठवूनही न उठणं, तीन महिन्यांखालच्या बाळाला ताप, यांपैकी काही दिसलं तर पुस्तक बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. सहा महिन्यांनंतर सारखं पाय झाडणारं, चुळबुळणारं बाळ असेल तर रक्तातलं लोह तपासून घ्या. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली सहा महिने ते पाच वर्षांची जवळपास ६९ टक्के मुलं रक्तक्षयी आढळली होती, आणि लोहाच्या कमतरतेने झोप अस्वस्थ होते.

शेवटची विनंती घरातल्या इतरांना आहे. बाळ झोपलं, घर शांत झालं, कुणी उठवत नाही, तरीही आईचा डोळा लागत नसेल तर तिला ‘बाळ झोपतं तेव्हा तूही झोप’ हे परत सांगू नका. ती विनाकारण रडते, बाळाजवळ जायला घाबरते, जेवणावरचं मन उडालं आहे, असं दोन आठवड्यांहून जास्त दिसलं तर ते प्रसूतीनंतरचं नैराश्य असू शकतं आणि त्यावर चांगले उपचार आहेत. स्वतःला किंवा बाळाला काही करावंसं वाटतं असं ती बोलली, तर दोन दिवसही थांबू नका आणि तिला एकटं ठेवू नका. बाळाला दाखवायला आणता तेव्हा तिचंही सांगा, मी आणि माझ्यासारखे अनेक डॉक्टर ऐकायला बसलेले आहोत. रात्री-अपरात्री बोलायचं असेल तर टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो, फुकट आहे, आणि तिथे मराठीत बोलता येतं.